बंदराची मुंबई तीन दिवसांत: संग्रहालयं, बागा आणि घारापुरी कोणत्या क्रमाने बघायची

मुंबई बघायला येणारे बहुतेक जण मरीन ड्राइव्हवरून सुरुवात करतात. संध्याकाळ मजेत जाते, फोटोही निघतात, पण शहर हाती लागत नाही. कारण मुंबई वाढली ती दुसऱ्या बाजूने. मोठी गलबतं निवांत नांगरून ठेवता येतील असं आडोशाचं पाणी पूर्वेला आहे, बेट आणि कोकण किनारा यांच्या मधे. गोदी, किल्ला, टाउन हॉल, बाजारपेठ हे सगळं त्या पाण्याच्या आसऱ्याने उभं राहिलं. त्यामुळे इथली संग्रहालयं आणि बागा बघायच्या तर त्या बंदराच्या बाजूने बघाव्यात. पश्चिमेचा सूर्यास्त शेवटी कधीतरी जमवता येतो.

खालचा क्रम मी अंतर बघून लावलेला नाही. तो लावलाय जागा सोडून गेलेल्या वस्तूंवरून. घारापुरीचा दगडी हत्ती आज भायखळ्यात आहे. काळा घोडा ज्यामुळे काळा घोडा झाला तो घोडाही भायखळ्यात आहे. आणि फोर्टमधलं फ्लोरा फाउंटन मुळात भायखळ्याच्या बागेसाठी ठरलं होतं, ते तिथे कधी पोचलंच नाही. म्हणून पहिल्या दिवशी फोर्ट आणि काळा घोडा, दुसऱ्या दिवशी घारापुरी, तिसऱ्या दिवशी भायखळा. उलट क्रमाने गेलात तर तो हत्ती म्हणजे बागेतला एक जुना दगड एवढंच वाटेल.

आधी वार, मग तिकीट

मुंबईचा बेत बिघडतो तो बहुतेक वेळा वारामुळे. सोमवारी घारापुरीची लेणी बंद. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालयही सोमवारी बंद. बुधवारी भायखळ्याची राणीची बाग बंद आणि तिच्या दारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मात्र काही मोजक्या सुट्ट्या सोडल्या तर रोज उघडं असतं, सव्वादहा ते सहा.

म्हणजे उत्तम वार गुरुवार, शुक्रवार, शनिवार. नोकरीमुळे शुक्रवार ते रविवारच जमत असेल तर घारापुरी शनिवारी सकाळच्या पहिल्या होडीने उरका आणि रविवारी गेटवेकडे फिरकू नका. त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉकही असतो, तेव्हा भायखळ्याला जाण्याआधी त्याचं वेळापत्रक बघून घ्या. रविवारचं एक मात्र सुख आहे: फोर्टमधली कचेऱ्यांची गर्दी नसते. ज्या इमारतींकडे एरवी धक्के खात बघावं लागतं, त्यांच्यासमोर रस्त्याच्या मधोमध उभं राहता येतं.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा कला महोत्सव असतो, १९९९ पासून चालू आहे. त्यासाठीच येणार असाल तर आनंद आहे. वस्तुसंग्रहालय शांतपणे बघायचं असेल तर ते नऊ दिवस टाळा.

कुठून यायचं, कुठे उतरायचं

पुणेकरांचा प्रश्न सोपा आहे. डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटते आणि साडेदहाच्या सुमाराला सीएसएमटीला सोडते. तुमची पहिली प्रेक्षणीय जागा म्हणजे तुम्ही उतरलात तो फलाट. विमानाने येणाऱ्यांना आता भुयारी मेट्रो ३ थेट विमानतळापासून सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट अशी आणते. मोठ्या बॅगा नसतील तर टॅक्सीपेक्षा ती केव्हाही बरी.

राहायला फोर्ट किंवा कुलाबा सोयीचं, पण महाग. दादर हा मधला मार्ग: दोन्ही लोकल मार्ग हाताशी, खाण्याची ददात नाही आणि भायखळा चार स्टेशनांवर. फक्त सकाळी नऊ ते अकरामध्ये दादरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या लोकलमध्ये लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन चढायचा विचार करू नका. त्याआधी निघा, नाहीतर साडेअकरा वाजू द्या.

दक्षिण मुंबईत रिक्षा नाही, काळी-पिवळी टॅक्सी आहे. फोर्टपासून गेटवेपर्यंतचं सगळं पायी होतं. सामान सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये टाका. पाठीवर बोजा घेऊन संग्रहालय बघणं म्हणजे हमाली.

पहिला दिवस: स्टेशनापासून संग्रहालयापर्यंत

सीएसएमटी बघायला दोन जागा. एक बाहेर, महापालिकेच्या इमारतीच्या कोपऱ्यावर. दोन्ही इमारती एकाच माणसाच्या, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या. स्टेशनाचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे आणि दुसरीकडे वाघ, म्हणजे ब्रिटन आणि हिंदुस्थान. दुसरी जागा आत, लोकलच्या तिकीट खिडक्यांपाशी. तिथे रांगेत उभं राहून मान वर करा. कमानींच्या छतावर निळ्या रंगात सोनेरी तारे आहेत. रोज हजारो माणसं त्याखाली सुट्टे पैसे मोजत उभी असतात आणि वर कुणी बघत नाही. भिंतींवरची पानं, मोर, माकडं कोरण्यात जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात आहे.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने सरळ चालत हुतात्मा चौक, दहा-बारा मिनिटं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमानींचे पदपथ आहेत, सावलीतून चालता येतं. चौकात आधी हुतात्मा स्मारकापाशी थांबा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत २१ नोव्हेंबर १९५५ ला याच परिसरात गोळीबार झाला. शेजारी फ्लोरा फाउंटन, १८६४ चं, पोर्टलंडहून आणलेल्या दगडाचं. हेच ते भायखळ्याच्या बागेसाठी ठरलेलं कारंजं. लक्षात ठेवा, तिसऱ्या दिवशी उपयोगी पडेल.

वीर नरिमन रस्त्याने पूर्वेकडे वळलात की सेंट थॉमस कॅथीड्रल लागतं, १७१८ चं. जुन्या किल्ल्याच्या तटबंदीत या चर्चकडे येणारा दरवाजा होता, म्हणून चर्चगेट. आत भिंतीभर संगमरवरी स्मृतिशिल्पं आहेत. ती वाचत गेलं की कळतं, किती गोरे साहेब तिशी गाठायच्या आत इथे तापाने किंवा समुद्रात गेले. पुढे हॉर्निमन सर्कल. मधल्या बागेत झाडं जुनी, बाकं भरपूर, दुपारी कचेरीतली माणसं डबे खातात, तुम्हीही टेका. शेजारीच १८२२ पासून चालू असलेल्या मुंबई समाचारची लाल इमारत. समोर टाउन हॉल, १८३३ चा, एशियाटिक सोसायटीचं घर. त्याच्या पायऱ्या तुम्ही सिनेमांत बघितलेल्या आहेत. बसायला परवानगी असेल तर बसा आणि पूर्वेकडे पाठ आहे हे ध्यानात घ्या: मागे नौदलाची गोदी आहे. सुरतेहून आलेल्या लवजी वाडिया यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या तिथे सागवानी जहाजं बांधली. त्यातलं १८१७ मध्ये पाण्यात उतरवलेलं एचएमएस ट्रिंकोमाली आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. गोदी आपल्याला बघता येत नाही. मुंबईचं सगळ्यात जुनं बंदर भिंतीमागे आहे, हे दुखणं आहेच.

जेवायला बॅलार्ड इस्टेट गाठा. ब्रिटानियाचा बेरी पुलाव प्रसिद्ध आहे, पण ते दुपारीच चालतं आणि खिसा थोडा हलका होतो. साधं हवं असेल तर सीएसएमटीजवळ पंचम पुरीवाल्याकडे पुरी-भाजी. बॅलार्ड इस्टेटमध्ये जेवणाआधी जरा चाला. एकसारख्या उंचीच्या, एका वळणाच्या इमारती, रुंद रस्ते. गोदी खणताना निघालेली माती-दगड टाकून ही जमीन केली गेली आणि तिच्यावर काय बांधायचं हे वास्तुरचनाकार जॉर्ज विटेटने ठरवलं. हे नाव आज-उद्या पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

दुपारी टॅक्सी करून वस्तुसंग्रहालय. उन्हात बाग आणि सकाळी संग्रहालय असा उलटा बेत लोक करतात. मुंबईत दुपारी दीड ते पाच छताखाली घालवावेत.

वस्तुसंग्रहालय: सगळं बघू नका

१९०५ मध्ये पायाभरणी, १९१४ मध्ये इमारत तयार, पण पहिल्या महायुद्धात तिचं लष्करी रुग्णालय झालं आणि लोकांसाठी दारं उघडली ती १९२२ मध्ये. वास्तुरचना विटेटची. घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला. पण आत शिरल्यावर मराठी माणसाने आधी बघायचं ते मधल्या दालनातलं लाकूडकाम. नाशिकच्या एका वाड्यातले कोरीव खांब आणि कमानी विटेटने उचलून इमारतीत बसवल्या. खाली उभं राहून वरच्या सज्जाकडे बघितलं की घुमट दख्खनी सुलतानाचा आणि खालचं अंगण पेशवाईतल्या सावकाराचं असा थाट दिसतो. आणि तो विसंगत वाटत नाही, हे त्या माणसाचं कसब.

हजारो वस्तू आहेत. अडीच तासांत सगळी दालनं पळत बघून बाहेर पडणारी कुटुंबं मी नेहमी बघतो. शेवटी मुलं कुठे बसायला मिळतंय तेवढं शोधत असतात. तुम्ही तीन-चार गोष्टी धरा.

पहिली, शिल्पदालन. घारापुरीहून आलेली शिल्पं आणि परळच्या शिवपटाची (शिवाच्या अनेक मूर्ती कोरलेल्या शिळेची) प्रतिकृती. मूळ शिवपट परळच्या बारादेवी मंदिरात आहे, १९३१ मध्ये रस्त्याचं काम चालू असताना सापडलेला. एका शिवातून दुसरा, त्यातून तिसरा, बाजूंनाही तसेच फुटत गेलेले. दहा मिनिटं याच्यासमोर द्या, कारण उद्या लेण्यात जो शिव दिसणार आहे त्याच्या जवळच्या काळातला हा. इथे उजेडात, हाताच्या अंतरावर घडण बघून घेतली की उद्या अंधारात डोळे कुठे लावायचे ते कळतं. ऐहोळेच्या छतावरून आणलेल्या शिळाही इथेच आहेत.

दुसरी, सिंधमधल्या मीरपूरखासच्या बौद्ध स्तूपातल्या भाजक्या मातीच्या मूर्ती. माती असूनही वस्त्राच्या चुण्या दिसतात. तिसरी, लघुचित्रं. चित्राच्या इतकं जवळ जा की काचेवर श्वास उमटायची भीती वाटावी. अकबराच्या चित्रशाळेतल्या अन्वर-इ-सुहैली या कथांच्या सचित्र पोथीची पानं हा इथला खजिना. चौथी, तुमच्या आवडीची: रतन टाटा आणि दोराब टाटांच्या संग्रहातल्या चिनी-जपानी वस्तू, नाणी, शस्त्रं, काहीही. बरोबर मुलं असतील तर आवारातलं बालसंग्रहालय २०१९ पासून आहे, तिथे त्यांना सोडून मोठ्यांनी आळीपाळीने आत जाऊन यावं.

बाहेर पडलात की समोरच काळा घोडा. इथे सातव्या एडवर्डचा काळ्या रंगाचा अश्वारूढ पुतळा होता, अल्बर्ट ससूनने दिलेला. १९६५ मध्ये तो हलवला. घोडा गेला तरी नाव राहिलं, आणि २०१७ मध्ये नवा घोडा बसवला. या वेळी वर स्वार नाही. जहांगीर कलादालन १९५२ पासून आहे, प्रवेश फुकट, अकरा ते सात. एखाद्या मोठ्या चित्रकाराचं प्रदर्शन असेलच असं नाही, पण पदपथावर मांडलेली चित्रं तरी नक्की असतात आणि तिथे चित्रकार स्वतः बोलायला मोकळा असतो. शेजारच्या गल्लीतलं निळं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग १८८४ चं. आत जायचं तर ओळखपत्र जवळ असू द्या.

संध्याकाळ ओव्हल मैदानावर. मैदानाच्या एका कडेला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, टोकदार कमानींचं एकोणिसावं शतक. दुसऱ्या कडेला गोलसर गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती, १९३० च्या दशकातल्या. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही कडा मिळून वारसा जाहीर केल्या. राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने बांधवला. खाली पोरांचे दहा-बारा क्रिकेटचे डाव एकमेकांत मिसळून चाललेले असतात, चेंडू कुणाचा हे मात्र प्रत्येकाला ठाऊक.

दुसरा दिवस: गेटवे आणि घारापुरी

पहाटे उठण्याची तयारी असेल तर ससून डॉक. १८७५ मधली ही गोदी, आणि आज मासळीचा मोठा बाजार. पाच-साडेपाचला पोचा. टोपल्या, बर्फाचे कुटलेले ढीग, लिलावाचा गलका आणि कोळणींचा दरारा. पायात जुनी चप्पल, कारण खाली मासळीचं पाणी आहे. कॅमेरा बाहेर काढण्याआधी दारावर विचारा. वाटेत उभं राहू नका, डोक्यावर टोपली घेतलेली बाई तुमच्यासाठी थांबणार नाही आणि थांबूही नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, तेव्हा जायचं काही कारण नाही.

सात-साडेसातला गेटवे. विटेटचंच काम. पंचम जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच. पूर्ण व्हायला १९२४ उजाडलं. आणि चोवीसच वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ ला, शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून बाहेर पडली. समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९६१ पासून आहे. सकाळच्या वेळी कमानीच्या आत, छताखाली जाऊन जाळीदार दगडी काम बघा. दिवस वर आला की फोटोवाले आणि कबुतरं यांच्यात तुम्हाला जागा उरत नाही.

होडीचं तिकीट गेटवेच्या आवारातल्या खिडकीवरच काढा. वाटेत अडवणाऱ्या दलालाचं ऐकू नका. तिकीट जाऊन-येऊन असतं, परतीचा तुकडा सांभाळा. पहिली होडी नऊच्या सुमाराला, मग थोड्या थोड्या वेळाने. दुपारनंतर जाण्यात अर्थ नाही. प्रवास एक तासाचा. वरच्या डेकवर बसायला थोडे जास्त पैसे घेतात, ते द्या. लाइफ जॅकेट अंगावर घाला, मांडीखाली घेऊन बसू नका. डिसेंबर २०२४ मध्ये याच वाटेवर प्रवासी होडीला अपघात होऊन माणसं गेली.

हा तास झोपेत घालवू नका. बंदर बघायला मिळतं ते इथेच. काल टाउन हॉलमागे भिंतीआड असलेली गोदी आता डाव्या हाताला उघडी दिसते, राखाडी युद्धनौकांसकट. त्यांचे फोटो काढायला मनाई आहे. पुढे तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप, पलीकडे न्हावाशेवाच्या क्रेन, हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला अटल सेतूची रेघ. मागे वळलात की गेटवे आणि ताज लहान होत जातात, आणि बोटीने पहिल्यांदा मुंबईला येणाऱ्याला हे शहर कसं दिसलं असेल ते कळतं.

बेटावर उतरल्यावर छोटी गाडी आहे, पायीही चालतं. मग सुमारे १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते, भाव आधी ठरवा. वर पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना नाही. खाऊची पिशवी आणि रंगीत पाण्याची बाटली हातात दिसू देऊ नका. माकडं झाकण उघडून पितात, अगदी सराईतपणे.

मुख्य लेण्यात शिरताच सरळ सदाशिवाकडे धावू नका. दारातच थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या. उजव्या हाताला नटराज, डावीकडे योगीश्वर. दोन्ही तुटलेले, तरी नटराजाच्या धडातला पीळ शाबूत आहे. मग खांबांच्या रांगेतून पुढे. समोरच्या भिंतीत, जवळपास वीस फूट उंच, तीन मुखांचा सदाशिव. यांना ब्रह्मा-विष्णू-महेश समजण्याची पद्धत आहे, गाइडही कधी कधी तेच सांगतात. तिन्ही मुखं शिवाचीच. तुमच्या डाव्या हाताचं अघोर, मिशा, भुवया चढलेल्या, हातात साप. उजवीकडचं सौम्य, हातात कमळ. मधलं डोळे मिटलेलं. आधी लांबून, मग एका बाजूच्या खांबाशी उभं राहून बघा: खालचा ओठ किती जाड ठेवलाय ते तिरक्या उजेडात दिसतं. त्याच्या डावीकडे अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगाधर. अंधकासुरवध आणि कल्याणसुंदर, म्हणजे शिव-पार्वतीचं लग्न, पश्चिमेच्या बाजूला. कल्याणसुंदरातली पार्वतीची लाजून झुकलेली मान हे माझ्या मते या लेण्यातलं सगळ्यात हळुवार काम, सदाशिवापुढे गर्दी असताना इथे कुणी नसतं.

लेणी सहाव्या शतकातली. एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांनी दिलं, किनाऱ्याजवळ उभ्या असलेल्या दगडी हत्तीवरून. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना हत्ती कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे कुठे गेले ते उद्या.

दोनच्या होडीने परत या. गेटवेजवळच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये. हॉल १९११ चा, तोही विटेटचा. पायांत त्राण असेल तर जा, नाहीतर सरळ झोप काढा.

तिसरा दिवस: भायखळा

भायखळा स्टेशनवर पूर्वेला उतरा, दहा मिनिटं चालत राणीची बाग. अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आणि प्राणिसंग्रहालय, सुरुवात १८६२ ची. सगळे पेंग्विनकडे पळतात. पळू द्या, मुलं असतील तर तुम्हीही जा, काचेमागे गारवा असतो. पण ही बाग मुळात झाडांची आहे. दोनशेहून अधिक जाती, त्यातली कित्येक जहाजांतून आलेली. गोरखचिंचेचं खोड, कैलासपतीची खोडालाच लगडलेली फुलं, उर्वशीचे लाल गुच्छ. झाडांवर पाट्या आहेत, वाचत जा. सकाळी साडेनऊ ते अकरा या वेळात झाडं आणि प्राणी, मग ऊन चढलं की संग्रहालयात.

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे मुंबईतलं सगळ्यात जुनं, २ मे १८७२ ला उघडलेलं. तेव्हा नाव व्हिक्टोरिया आणि अल्बर्टचं होतं, १९७५ मध्ये भाऊ दाजींचं झालं, आणि ते रास्तच. गोव्यातल्या मांद्र्यात जन्मलेला हा माणूस ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतला डॉक्टर, शिलालेख वाचणारा पंडित, आणि नाना शंकरशेटांबरोबर या संग्रहालयासाठी झटणारा. २००३ ते २००८ मध्ये इमारतीची डागडुजी झाली, तिला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. आत पाऊल टाकलं की हिरवा-सोनेरी झगमगाट, लोखंडी खांब, पायाखाली विलायती मिंटन फरशी.

इथे मोठ्या कलाकृती शोधू नका. इथे मुंबई आहे, लहान करून ठेवलेली. वरच्या मजल्यावर कपाटांत मातीच्या बाहुल्या: जातीजमाती, पगड्या, धंदे, खेळ. पगड्यांचे प्रकार बघत अर्धा तास सहज जातो. पारशांच्या दख्म्याची, म्हणजे मृतदेह ठेवायच्या मनोऱ्याची, प्रतिकृती आहे, जी प्रत्यक्षात कुणा बाहेरच्याला दिसत नाही. जहाजांच्या प्रतिकृती आणि जुने नकाशे आहेत. सात बेटं एक कशी झाली ते नकाशांवर बोट फिरवत मुलांना दाखवा. दोन दिवस पायी फिरल्यावर नकाशा वाचायला निराळीच मजा येते.

आता बाहेर या. इमारतीशेजारी तो हत्ती. तुकडे जोडून १९१४ मध्ये उभा केलेला. सांधे दिसतात, बारकावे झिजलेत. काल ज्या किनाऱ्यावर उतरलात तिथून पोर्तुगीजांनी ज्याला पाहिलं, तो हा. मागच्या आवारात फोर्टमधून हलवलेले साहेबलोकांचे पुतळे आहेत, त्यांत संगमरवरी व्हिक्टोरिया राणीही. चापेकर बंधूंपैकी दामोदरपंतांनी १८९६ मध्ये डांबर फासलं ते हिलाच. आणि बागेत सातवा एडवर्ड, त्याच्या काळ्या घोड्यावर.

अर्धा दिवस जास्त असेल तर

मलबार हिलवर एक वेळ घालवा. १८८० च्या सुमाराची टांगती बाग पाण्याच्या टाकीवर वसवलेली आहे, समोर कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट, पोरांना तो पुरतो. २०२५ मध्ये उघडलेली झाडांमधली लाकडी पायवाट छान आहे, तिची वेळ ऑनलाइन राखावी लागते. तिथून खाली उतरून बाणगंगा. दगडी पायऱ्या, दीपमाळा, बदकं. हा तलाव इंग्रजांच्याच काय, पोर्तुगीजांच्याही आधीचा, शिलाहारांच्या काळातला. मणिभवन गावदेवीत आहे, गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की तिथे असत. तासभर पुरतो.

पक्ष्यांची आवड असेल तर डिसेंबर ते एप्रिल शिवडीची खाडी आणि रोहित पक्षी. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जा. पूर्ण ओहोटीला पक्षी फार लांब असतात, पूर्ण भरतीला बसायला चिखलच उरत नाही.

पावसाळ्यात आलात तर घारापुरी बेतातून वगळलेली बरी. समुद्र खवळला की होड्या बंद होतात, आणि तुम्ही गेटवेवर रांगेत भिजत राहता. त्या दिवशी सकाळी नाणेसंग्रहालय, दुपारी वस्तुसंग्रहालयाची उरलेली दालनं. राणीची बाग मात्र पावसातच खरी हिरवी, छत्री घेऊन जा.

परतीला डेक्कन क्वीन सीएसएमटीहून पाच दहाला सुटते. भायखळ्याहून लोकलने दहा मिनिटं लागतात, पण क्लोक रूमची रांग धरून साडेतीनलाच निघा, आणि स्टेशनासमोरच्या आरामचा वडापाव गाडीत बसायच्या आधीच बांधून घ्या.